पाटाची घंटा

ऑक्टोबरचा दुसरा आठवडा, विन्शगाऊचं खोरं.
स्वस्त पडतं म्हणून आलो आम्ही दोघी:
डोंगरावरचे पाळणे निम्मे बंद,
नॉटबुर्गाबाईंच्या खाणावळीत वरची खोली,
जिची खिडकी फक्त रोस्विताला उघडता येते,
खांद्याचा धक्का देऊन.

नकाशा तिच्याकडे. पाणी, सुरी, चीज माझ्याकडे.
ही वाटणी ग्राझमधल्या भाड्याच्या घरापासूनची;
तेव्हाही वीजबिल ती भरायची
आणि मालकिणीशी भांडायला मी जायचे.

वाट पाटाच्या काठाने जाते.
हातभर रुंद पाट, हिमनदीचं पाणी
सफरचंदांच्या बागांना नेऊन घालणारा,
इतका सावकाश उतरतो
की उतार डोळ्यांना दिसत नाही,
गुडघ्यांना कळतो.
वर लार्चची झाडं पिवळी झालेली.
त्यांच्या सुया गळतात, केसांत अडकतात,
थर्मासच्या झाकणात, मोज्यांत,
रात्री उशीवरसुद्धा सापडतात.
सूचिपर्णी असून पानं गाळतं हे झाड,
रोस्विता सांगते, घराण्याची शिस्त मोडून.
मी म्हणते, तुझ्या दुसऱ्या नवऱ्यासारखं.
ती हसत नाही.
मला वाटतं, लागलं तिला.
पुढचा मैलभर मी नुसती पाण्याकडे बघत चालते.

वळणावर पाटात एक लाकडी चाक,
चाकाला दांडा, दांड्याला हातोडी,
आणि खांबाला टांगलेली गाईच्या गळ्यातली घंटा.
शेजारी निळा एप्रन बांधून पाटकरी लुइस,
फावड्याने पानं काढत.
त्याची जर्मन मला निम्मीच कळते,
पण हे कळलं:
पाणी आहे तोवर चाक, चाक आहे तोवर घंटा.
आई माझी हिच्या ठोक्यांवर झोपायची.
थांबली की ताडकन उठायची, कंदील घेऊन निघायची,
कुठे दरड, कुठे फुटलेला काठ,
कुठे रात्रीतून पाणी वळवून घेणारा शेजारी.
आवाजाने आम्ही कधी उठलो नाही, बाई.
गप्प झालं की उठायचो.

एकतीस वर्षं लोकांचे पियानो सुरात लावलेली रोस्विता
चाकाकडे बघत होती.
मग म्हणाली,
आज का थांबवून ठेवलीय?

लुइसने माझ्याकडे पाहिलं.
घंटा वाजत होती.

तो काही बोलला नाही.
फावडं टेकवलं, तिचा हात धरला
आणि तळवा खांबावर ठेवला,
नव्या वासराच्या पाठीवर ठेवावा तसा.
ती उभी राहिली. खूप वेळ. डोळे मिटून.
फळी सैल आहे एक, म्हणाली,
दर चौथा ठोका उशिरा येतो.
लुइसने मोजलं, वाकला, बोटाने चाचपलं,
आणि हॅट काढली.
उद्या ठोकतो, म्हणाला.

संध्याकाळी चेस्टनट आणि कोवळी वाईन.
नॉटबुर्गाबाई प्रत्येक चेस्टनटला आधी चीर देतात,
नाहीतर चुलीत फटाके उडतात.
कोपऱ्यात चौघं पत्ते आपटत होते.
चार दिवस मी कायम तिच्या उजवीकडे का चालतेय,
कुणी ठरवलं हे, तेव्हा लक्षात आलं.
डावा गेल्या हिवाळ्यात गेला,
टरफल सोलत ती म्हणाली, उजवा जातोय.
आणि मग, तोंडात घास असताना:
दुपारी काय म्हणालीस तू, त्या झाडाबद्दल?

मी सांगितलं.
पुन्हा सांगितलं, मोठ्याने.
तिसऱ्यांदा पत्तेवाल्यांनीही ऐकलं
आणि ते तिच्या आधी हसले.

रात्री खिडकी तिनेच उघडली.
थंडी आली, शेणाचा वास आला,
खालच्या अंधारातून घंटा.
वाजतेय? तिने विचारलं.
काळोखात मान हलवून काय उपयोग,
म्हणून तिच्या मनगटावर
बोटाने ठोके देत राहिले,
चौथा जरा उशिरा.