राखेचा डोंगर, किविओली

हिवाळ्यात या डोंगरावरून पोरं स्की घालून घसरतात.
खाली तेलदगडाची राख, साठ वर्षांची.
त्यातली काही माझ्या बापाने ओतली:
आर्काडी, तिसरी पाळी, बॉयलर चार.

मी तीच राख पोत्यात भरून आणते,
पाण्यात कालवते,
धुराड्यातलाच वायू त्यात सोडते,
आणि तळाशी बसते पांढरी साय:
चुन्याचे गोळे, सच्छिद्र,
पोटात औषध धरतील एवढे पोकळ.

तो फोनवर विचारतो, खोकत,
"मग, झालं का तयार?"
काचेच्या बशीत, म्हटलं, काही पेशी मेल्या.
उंदरांची पाळी अजून यायचीय. माणसांची फार नंतर.

"बशीत का होईना," तो म्हणतो.
मग बराच वेळ नुसता श्वास.

मी नखांतली राख काढत बसते.
निघत नाही.