थांबलेला

मेर्सिनच्या बंदरात चाळीस मीटर उंच क्रेनवर
दुर्मुश सकाळी चढतो तो संध्याकाळीच उतरतो.
मध्ये खाली यायचं तर अर्धा तास मोडतो,
म्हणून पाणी नाही.

आज माझ्या टेबलावर कुशीवर,
गुडघे पोटाशी, ओठ पांढरे.
"बसवत नाही, निजवत नाही.
तीस टनांचे कंटेनर उचलतो मी, डॉक्टर. हे काय आहे?"

जेल गार लागते. मी प्रोब फिरवते.
काळ्यात एक ठिणगी, तिच्यामागे लांब सावली.
सहा मिलिमीटर.
मसुरीचा दाणा.

आधीची तीन गेल्यावर आईनं ठेवलेलं नाव:
दुर्मुश, म्हणजे थांबलेला.
हाही थांबलाय, अर्ध्या वाटेत,
आणि ह्याला मात्र जा म्हणायचंय.

गोळ्या. गाळणीत लघवी. पडला तर डबीत घालून आण,
कशाचा आहे ते बघू. नाहीच पडला तर लेसर.
मीठ कमी,
पाणी लघवी फिकी होईपर्यंत.

"आणि वर लघवी कुठे करू?"

ह्या प्रश्नाची सावली पडद्यावर पडत नाही.
मी कागद ओढते: मुकादमांस,
दर दोन तासांनी ह्या माणसाला खाली येऊ द्यावे.
शिक्का जरा जोरातच बसतो.