किती प्रती

नाना नाशिकरोडला, नोटांच्या छापखान्यात होते,
एकतीस वर्षं, मोजणीत.
छपाईत नाही, मोजणीत,
हा फरक ते पाहुण्यांना चहाच्या आधीच सांगतात.
कोरा कागद मोजून आत, छापलेला मोजून बाहेर,
आणि बिघडलेला दोनदा मोजायचा,
कारण भरवसा बिघडलेल्याचाच नसतो.

मी गंगापूर रोडच्या प्रयोगशाळेत
जिवाणूंच्या पोटात कडी घालते.
डीएनएचं एवढंसं कडं, प्लास्मिड,
त्यात द्राक्षावरच्या केवड्याचं एक जनुक.
(केवडा म्हणजे रोग. नाव ठेवणाऱ्याला
बहुतेक पान कुजताना दिसलं नसावं.)

खैरनार मॅडम म्हणाल्या, भरपूर प्रतींचा वेक्टर घे,
एकेका पेशीत पाचशे-सहाशे,
तीन मिलीत महिनाभराची बेगमी.
घेतला.

पहिल्या सकाळी प्लेट कोरी.
दुसऱ्या सकाळी कोरी.
तिसऱ्या सकाळी अकरा वसाहती, मोहरीएवढ्या.
पगारेमामांनी स्वतःच्या पैशाने पेढे आणले.
मग अनुक्रम वाचून आले:
अकराच्या अकरांत जनुक मोडलेलं,
कुठे एक अक्षर गळलेलं,
कुठे मधलं पानच फाडलेलं.
खरी प्रत ज्यांनी सांभाळली त्या पेशी रात्रीतच मेल्या,
सहाशे तोंडांनी तेच एक विष थोडं थोडं ओकत.
खोटी केलेल्या जगल्या,
आणि चांगल्या बाळसेदार जगल्या.
पेढे तोवर संपले होते.

जेवताना हे सांगितलं.
नाना ताकात भात कालवत म्हणाले,
"एवढ्या छापतं कोण? आणि मोजतं कोण?"

मोजदाद आतच असते, मी म्हटलं.
छपाई सुरू व्हायला आरएनएचा एक धागा लागतो.
त्याच जागेवरून, उलट्या दिशेने,
एक आखूड धागा निघतो आणि पहिल्याच्या गळ्यात पडतो,
की छपाई अडली.
प्रती वाढल्या की हे आखूडही वाढतात.
प्रतच प्रतीला आवरते.

"मग तुमच्या सहाशे कशा?"

या वेक्टरमध्ये त्या आखडाचा मदतनीस
काढून टाकलाय, नाना. मुद्दाम.
आणि एक अक्षर बदललंय. उत्पादन वाढावं म्हणून.

नानांनी ताट सारलं.
"मोजणीतला माणूस काढला," म्हणाले,
आणि हात धुवायला गेले ते बराच वेळ
नळ चालू ठेवून उभे राहिले.

डीप फ्रीजरच्या तळाशी, बर्फात रुतलेली,
कुणाच्या तरी तिरप्या अक्षरातली एक कुपी होती:
पाच प्रती. फार तर सहा.
मॅडमनी भुवई उचलली, पण नको म्हणाल्या नाहीत.

आता तीन मिलीत भागत नाही.
दोनशे मिलीचा फ्लास्क रात्रभर घुसळायचा,
तेव्हा नखाच्या टोकावर मावेल एवढा डीएनए.
जेलवरची पट्टी इतकी फिकी
की ती कुठे आहे हे आधीच माहीत असावं लागतं.
पिंपळगावची मामी घड विरळते,
बारीक कात्रीने, मणी खाली पाडत,
आणि मालकाला विचारते, आकडा हवा की प्रत?
मामीच्या तोंडी प्रत म्हणजे नक्कल नाही.
माझ्या तोंडी कालपर्यंत दुसरं काही नव्हतं.

अनुक्रम आज आला. पहिल्या अक्षरापासून
शेवटच्यापर्यंत, जसाच्या तसा.
लिहिण्यासारखं यात अजून काही नाही,
प्रथिन बनवायचंय, तिथे पुन्हा सगळं फसू शकतं.

घरी नानांना प्लेटचा फोटो दाखवला.
त्यांनी मोबाईल हातात घेतला,
भांड्यातल्या पाण्यात अंगठा बुडवला, सवयीने,
आणि काचेवर एकेक वसाहत सारत गेले.
फोटो सरकायचा. ते पुन्हा पहिल्यापासून.
"तेवीस," शेवटी म्हणाले.
मग फोन उलटा धरून
दुसऱ्या बाजूने मोजायला लागले.