दहा नंबरचा पाना

मी कानानं गाडी ओळखतो.
फाट्यावरच्या कडुनिंबाखाली डोळे मिटून पडलो
तरी सांगतो:
ही ढोकेची बोलेरो, तिसऱ्या सिलिंडरला खोकला;
हा शेलूच्या थोटेंचा ट्रॅक्टर, फॅनबेल्ट आज नाहीतर उद्या.
तेवीस वर्षं झाली.
नाव गुलाब नेवारे. पाटीवर नुसतं ‘गुलाब मोटर’,
पुढचा स उन्हानं खाल्ला.

रंजना उघडेंची गाडी मात्र
मला न सांगताच येऊन उभी राहिली,
मागच्या मे महिन्यात, भर दुपारी,
डांबर चपलेला ओढत होतं तेव्हा.
डोळे उघडले तर समोर पांढरं बोनेट,
त्यात माझंच तोंड.

‘चाचणीची हाये भाऊ,’ बाई म्हणाल्या,
‘हायड्रोजनवर चालते. वापरून सांगा म्हणे, काय चुकलं ते.’
गुरांच्या दवाखान्यातल्या बाई.
मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधलेला नायट्रोजनचा डबा,
त्यात गवळाऊच्या पुढच्या पिढ्या
उणे एकशे शहाण्णवावर झोपलेल्या.
असा डबा रोज फिरवणारी बाई हायड्रोजनला काय भिणार.
भ्यालो मी.

बोनेट उघडलं.
इंजिन नाही.
झाकण, झाकणाखाली झाकण,
वर शिक्का: उघडू नये.
डिपस्टिक नाही, प्लग नाही,
माझे हात आपले मांडीला पुसत राहिले,
सोयऱ्याकडे चुकून लवकर पोचलेल्या माणसासारखे.

मागे टपटप ऐकू आलं.
धुराच्या जागी पाणी.
जमिनीवर पडतं न पडतं तोच वाळत होतं.
चहावाल्याची कोंबडी आली, मान तिरपी केली, प्याली.
मीही बोट लावून चाखलं.
चव नाही. काहीच नाही.
ही काहीच नसलेली चव ओळखीची होती:
बॅटरीत टाकायचं पाणी,
पाच लिटरचा कॅन, दिग्रसहून,
एसटीत ड्रायव्हरच्या पायाशी ठेवून आणतो ते.

महिन्यानं कंपनीचा पोरगा आला, दाबके नावाचा, वही घेऊन.
बाईंनी सांगितलं:
पोट उंच करा, पांधणीत घासते.
मागची सीट निघाली पाहिजे, कधी वासरू न्यावं लागते.
लिंबू-मिरची बांधायला हूक नाही.
(तेही त्यानं लिहिलं. हसला नाही.)
पंप एकशेतीस किलोमीटर, भरून परत येईस्तोवर चौथाई टाकी खाली.
‘आणि थोडा आवाज द्या हिले,
गाई बसून राहतात रस्त्यात, उठतच नाहीत.’

मग माझ्याकडे वळला. ‘तुम्हाला काय वाटतं?’
गाडी बनायच्या आधी
मला कोणी विचारलं नव्हतं.
बिघडल्यावरच आठवतो मी.
कान गरम झाले.
‘मले काय समजते बाप्पा त्याच्यातलं.
पण जे काही उघडायचं असन,
ते दहाच्या पान्यानं उघडू द्या.
दहाचा पाना सगळ्यायजवळ असते.’

नवी आली यंदा पोळ्याला.
आवाज आहे आता, बारीक,
कुकरच्या शिट्टीआधी होतो तसा.
पोट चार बोटं उंच. सीट निघते.
हूक आहे, प्लास्टिकचा, चुकीच्या बाजूला.
पंप तिथंच, एकशेतीसवर.
त्याला कुठला पाना लावावा?

दिवाळीनंतर बाईंनी माझ्या झाडाखाली लावली.
बोनेट उघडलं. शिक्का तोच.
पण खाली, उजव्या हाताला,
हवेच्या फिल्टरचं झाकण,
दोन बोल्ट.
खिशातून पाना काढला.
लावला.
बसला.

फिल्टरमध्ये आपल्याकडची धूळ, जिनिंगचा तूस.
उलटा करून टायरवर आपटला, दोनदा,
कोणाचाही आपटतो तसा.

गाडी उभी असली की मागे कॅन लावतो मी आता.
थोटेंच्या ट्रॅक्टरची बॅटरी त्याच पाण्यावर आहे.
त्यांना सांगितलेलं नाही.
पैसे घेतो कॅनचे,
दिग्रसच्या भावानं.