नाव ठेवायचं नाही

पहिला नियम: नाव ठेवायचं नाही.
फायलीत नुसतं पिल्लू एक, पिल्लू दोन.
मी बडोद्याच्या दांडिया बाजारातली. आमच्याकडे
नावं ठेवल्याशिवाय दिवस मावळत नाही.
तरी पाळला.

दुसरा: बोलायचं नाही.
साबण नाही, खोबरेल नाही.
अंगात त्यांच्याच घाणीत मुरवलेला काळा डगला,
पाठीवर घोंगडीचा तुकडा शिवलेली सॅक,
कारण अस्वलाची पोरं आईच्या पाठीवर बसून जग बघतात
आणि यांची आई
शिवराजपूरच्या पुढे, बिनकठड्याच्या विहिरीत
सापडली होती.

बावीस महिने मी मुकी.
रविवारी घरी गेले की आई म्हणायची,
जेवताना तरी बोल गं.
मी वरणभातावर फुंकर मारत बसायचे, सवयीने.
वारूळ असंच शिकवलं होतं त्यांना:
आधी नखांनी फोडायचं, मग फूंऽऽ,
माती उडाली की नाकपुड्या मिटून आत ओढायचं.
वरचे मधले दोन दात त्यासाठीच नसतात त्यांना.
मला होते. एकदा तरी गिळली मी वाळवी.
आंबट लागते,
आणि थोडी ओल्या लाकडासारखी.

नानजीभाई राठवा म्हणाले, बाई, आता सॅक टांगा.
टांगली करंजाला.
तीन रात्री दोघं तिच्याखाली झोपली.
चौथ्या रात्री थोरल्याने ती खाली ओढली, फाडली,
आतला कापूस हुंगला
आणि मुंग्या शोधायला निघून गेलं.
मी मचाणावर होते.
प्रगती समाधानकारक, असं वहीत लिहिलं.

मग पौष. बोरं संपत आलेली.
दीड-दोन महिन्यांत मोह गळायला लागेल,
पहाटे अंधारातच बाया टोपल्या घेऊन येतील
आणि त्याच झाडाखाली ही दोघं.
नानजीभाईंच्या गालावर, कानापासून ओठापर्यंत,
अशाच एका पहाटेची शिवण आहे.
रागाने कधी बोलले नाहीत.
म्हणाले, त्याला कुणी शिकवलं नव्हतं.
मलाही नव्हतं.

तर शेवटचा धडा: माणूस.
त्या दिवशी मी मुद्दाम डोक्याला खोबरेल थापलं,
डगला घरी ठेवला.
पत्र्याचे डबे, फटाक्यांची माळ.
नानजीभाई राठवीत ओरडले, इम्तियाज ड्रायव्हर गुजरातीत,
गार्डने हिंदीतून शिव्या घातल्या,
शिव्या हिंदीतून लांबवर जातात म्हणून.
पिल्लं कुंपणाकडे उधळली.

तुम्ही राहू द्या, नानजीभाई मला म्हणाले,
त्या डोंगरात मराठी कोण बोलतंय?

खरंच होतं ते.
एक भाषा उरली असती
जिच्यात त्यांना कुणी हाकललं नव्हतं.
मी ती जवळजवळ ठेवूनच घेतली.

पण धाकटं वळलं.
त्या सगळ्या धुरातून, खोबरेलाच्या वासातून
थेट माझ्याकडे आलं
आणि माझ्या पाठीमागे जाऊन उभं राहिलं,
जिथून जग दिसतं.

बावीस महिन्यांत मी पहिला शब्द बोलले त्याच्याशी:
हाड!

नीट निघाला नाही. घसा गंजलेला.
म्हणून परत. हाड! आणि डबा त्याच्या पायाशी.
त्याने माझ्याकडे पाहिलं, ते मी वहीत लिहिलेलं नाही.

पिंजरे जांबुघोड्याकडे गेले त्या रात्री
मी गाडीत नव्हते.
डॉक्टर म्हणाले, तुमचा आवाज आता ओळखतात,
वाटेत उगाच बिथरतील.

मी घरी. आईने वाढलं.
सोडली का गं?
सोडली.
काय नावं होती त्यांची?

ठेवली नव्हती, म्हटलं,
आणि भातावर फुंकर मारली.
भात केव्हाच निवला होता.