सातवा वेढा

निपाणीत घड्याळं आता कोण दुरुस्त करतं?
म्हणून मी बॅटऱ्याही बघतो.
पाटीवर वर कन्नड, खाली मराठी,
दोन्हीकडं बाहुबली मगदूम,
दोन्हीकडं रंग उडालेला.

चिकोडी रस्त्याचा सुदर्शन, बेंगळूरला असतो,
काउंटरवर रुमाल ठेवतो, उघडत नाही.
'बंदी आहे हो काका. घड्याळच समजा.'
'घड्याळ धूर सोडत नाही मर्दा.'
'धूर नव्हे, वाफ.'
बरं. वाफ.

मी विकत नाही. ठेवत नाही.
डोळ्याला भिंग लावलं की मात्र
समोर काय आहे हे विचारायचं राहून जातं,
कुठं बिघडलंय तेवढंच दिसतं.

आधी बॅटरी.
निळं कातडं खांद्याशी फाटलेलं,
आतलं लोखंड उघडं.
'ही कुठं ठेवतोस?'
'खिशात.'
'आणि किल्ल्या?'
'त्याच खिशात.'
भिंग काढून त्याच्याकडं बघितलं.
आईला तू एकटाच ना रे?
हे एवढंसं नळकांडं, किल्लीनं डिवचलं
तर मांडी घेऊन जाईल.
नवं कातडं चढवलं, गरम हवा मारली,
आकसत आकसत बसलं.
वर गोळ्यांची रिकामी डबी दिली:
एकटी झोपव हिला, हिच्यात.

मग टाकी. बुडाशी चिकट, गळकी.
रबरी कडी चिरलेली.
तसलीच कडी निघाली
पाण्यात चालणाऱ्या एका जुन्या घड्याळातनं.
त्याचा मालक तवंदी घाटात गेला,
सात वर्षं झाली, न्यायला कुणी आलं नाही.
कडी बसली. थेंब थांबला.

कॉइल काळी, तळाला लागलेल्या भातासारखी.
'नव्या मिळेनात काका. तार आणलीय.'
तीन मिलिमीटरच्या पेचकसावर सहा वेढे.
चाळीस वर्षं केसाएवढ्या कमानी सरळ केल्या मी,
ही तार हट्टी, सोडली की उलटी उसळते.
मीटर म्हणाला शून्य पूर्णांक चार.
'अर्धा ओहम पाहिजे.'
'मग सातवा घाल की.'
घातला. अर्ध्याला टेकला.

अडलं ते कापसाशी.
माझ्या जाड बोटांना तो फुलवता येईना.
मागनं चंपा आली.
जरद्याच्या वखारीत एकतीस वर्षं चाळण मारलेली बाई.
बस्तीतल्या दिव्याचा कापूस आणला,
मांडीवर हात फिरवला एकदा,
एकदाच,
वात तयार.
'काकू, घट्ट नको हं, रस चढत नाही.'
'वात मला शिकवतोस होय रे?'
तारेतनं ओवली, टोकं कात्रीनं उडवली,
सुनेच्या झंपराचे दोरे कापावेत तशी.

टाकी भरली. तो लगेच ओढायला निघाला.
तिनंच हात धरला:
'पिऊ दे तिला आधी. कोरडी वात पेटवली
की काजळी होती.'
दहा मिनिटं तिघं बसलो.
मी एका टायटनचा काटा पुसला.

मग वाफ. पांढरी, गोडसर,
दुकानभर, घड्याळांच्या काचांवर.
'कसला वास म्हणायचा ह्यो?'
'तंबाखू, काकू. बाटलीवर लिवलंय.'
चंपानं बाटली घेतली, झाकण काढलं,
नाकाशी धरून डोळे मिटले,
वखारीत पोतं फोडल्यावर मिटायची तसे.
'ह्याला ऊन लागलेलं नाही,' म्हणाली,
आणि झाकण लावून खोकत आत गेली.
उभ्या जन्मात एक झुरका मारला नाही तिनं.
खोकला तेवढा आहे.

'किती झाले?'
'कातड्याचे वीस, हाताचे पन्नास.'
'कडी?'
कडीचे कुणाला देऊ?

बाहेरनं पोत्यांचा टेंपो गेला,
मागं तपकिरी धूळ सोडत.
सुदर्शन शिंकला. पुन्हा शिंकला.
तिसऱ्यांदा तर वाकून,
काउंटर धरून.
इथलाच पोरगा.
पूर्वी शिंकत नव्हता.