बारा डेसिबल, पाच सेकंद

पहिल्या रात्री ट्रिगर सहावर ठेवला,
काही सुटू नये म्हणून.
सकाळी कार्ड गच्च. चार हजार एकशे फायली,
आणि इरण्णा चहाच्या कपात हसत,
"मॅडम, रातकिडे मोजायला आलोय होय आपण?"

रातकिडे. पाण्याच्या मोटारीची बारीक शिट्टी.
चौकीदाराच्या कमरेचा किल्ल्यांचा जुडगा,
तो हलला की यंत्राला वाटतं, आली पाकोळी.
खऱ्या पाकोळ्या एकवीस.
त्या शोधायला दोन दिवस गेले.

मग अठरा.
वीस किलोहर्ट्झच्या खालचं काही घेऊ नकोस,
तीन सेकंद शांतता दिसली की मीट.
गिरणीच्या कताई खात्यात,
ज्या भोंग्यावर सोलापूर जेवायला उठायचं त्याच्या पाठीमागे,
यंत्र रात्रभर बसून राहिलं.
फायली: शून्य.

शून्य लिहायला पेन्सिल टेकवली
तेवढ्यात इरण्णानं तुळईखाली टॉर्च मारला.
बेडकाची एक तंगडी.
नाकतोड्यांचे पंख, ओल्या काळ्या लेंड्या.
कुणीतरी जेवून गेलं होतं
यंत्राच्या डोक्यावर बसून.

काही वटवाघळं कुजबुजतात.
मोठ्या कानांची ही जात;
बेडूक पानावर पाय टाकतो
तेवढं पुरतं त्यांना.

नायना भद्रावती पेठेत चाळीस वर्षं
दोन मागांच्या मध्ये उभे राहिले.
चादरीवर मोर उमटायचा, धोटा खटाक् खटाक्,
घरी आले तरी कानात थांबायचा नाही.
त्यांचा ट्रिगर फार वर गेलेला.
दादा ओरडायचा, त्याला बूट मिळाले.
अम्मा हळू बोलायची.
तिच्या पोटात दुखत होतं
आठ महिने.

दोष देत नाही.
आवाजात उभं राहायचं तर
कुठंतरी आकडा धरावाच लागतो.
कार्ड बत्तीस जीबीचंच असतं,
बॅटरी पाच रात्रींची.

आज बारा. मिटायच्या आधी पाच सेकंद.
यंत्र मोटारीपासून लांब, तुळईच्या हातभर खाली.
शिवशरणकाकांनी किल्ल्या
आपणहून रुमालात गुंडाळल्यात.
"बारावर येईल का ती?" इरण्णा विचारतो.
काय सांगू.
वहीत लिहिते: बारा, पाच.
आणि रकान्याच्या बाहेर, तिरकं,
शून्य आलं तर फरशी बघणे.